वडाच्या गावातला हिशेब

परवा नातीने मला पेचात पकडले. ठेवीवर वर्षाला सात टक्के चक्रवाढ व्याज मिळाले तर पैसे दुप्पट कधी होतील, असे तिने विचारले. पंचवटीत हयातभर गणित शिकवलेला मी. जुने लॉग टेबल काढले. २ चा लॉग ०.३०१०, १.०७ चा ०.०२९४. भागाकार केला आणि सव्वादहा वर्षे सांगून मोकळा झालो. पण आजोबा, भागायचे का, असे तिने विचारले तेव्हा गप्प बसलो. खरे सांगायचे तर हे मी वर्गातही कधी नीट सांगितले नव्हते.

उत्तर मिळाले ते आमच्याच रस्त्यावर. पंचवटीतून निघणारा दिंडोरी रोड म्हसरूळच्या चांभार लेण्यांजवळून पुढे वणीकडे जातो. सुमारे बाराशे वर्षांपूर्वी आचार्य वीरसेन हे दिगंबर जैन मुनी वटग्रामात राहिले. वटग्राम म्हणजे आपली वणी, असे काही अभ्यासक मानतात. काहींचा कौल बडोद्याला आहे. मी पाच वडांच्या गावचा. माझा कौल कुठे, ते सांगायला नको.

चित्रकूटपुरात एलाचार्यांजवळ सिद्धान्त शिकून वीरसेन वटग्रामच्या मंदिरात आले, आणि षट्खंडागमावर त्यांनी धवला ही प्राकृत-संस्कृत टीका लिहिली. परंपरा ती बहात्तर हजार श्लोकांएवढी मानते. विषय कर्मसिद्धान्ताचा, पण जैन विश्वरचनेत द्वीप आणि समुद्र एकाबाहेर एक असतात, प्रत्येक आधीच्याच्या दुप्पट रुंद. मग अमुक रुंदीपर्यंत पोचायला किती वेळा दुप्पट करावी लागेल? यासाठी वीरसेन उलटे चालतात. संख्या अर्धी करत जायची आणि किती वेळा अर्धी झाली ते मोजायचे. ३२ घ्या: १६, ८, ४, २, १. पाच वेळा. म्हणून ३२ चे अर्धच्छेद पाच. तिनाने भागत गेलो तर त्रिकच्छेद, चाराने गेलो तर चतुर्थच्छेद. गुणाकाराचे अर्धच्छेद म्हणजे दोन्ही संख्यांच्या अर्धच्छेदांची बेरीज, हा नियमही धवलेत आहे. लॉगचे मर्म ते हेच.

म्हणून सगळे आमच्याकडे आधीच होते, असे म्हणत मिशीला पीळ देणाऱ्यांतला मी नाही. वीरसेनांकडे कोष्टक नव्हते. ते केले स्कॉटलंडच्या जॉन नेपियरने, १६१४ साली, स्वतःच्या वाटेने.

धवलेनंतर वीरसेनांनी जयधवला हाती घेतली. वीस हजार श्लोकांएवढी झाली आणि ते गेले. शिष्य जिनसेनांनी, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, ८३७ मध्ये ती पुरी केली. पुढे ही ताडपत्रे कर्नाटकात मूडबिद्रीला कित्येक शतके जपली गेली. लोक दर्शन घेत, वाचत नसत. धवलेचा पहिला खंड डॉ. हिरालाल जैन यांनी अमरावतीहून छापला तो थेट १९३९ मध्ये. नेपियरच्या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर दोनच वर्षांत निघाले होते. हे मनाला लागते.

नातीला मी २ ला १.०७ ने भागत बसवले. दहा वेळा भाग गेला आणि थोडे उरले. २ च्या लॉगमध्ये १.०७ चा लॉग किती वेळा बसतो, ते हेच, असे तिला सांगितले. उरलेल्या पावाचे काय, असे विचारून ती लॉग टेबल घेऊन गेली. अजून परत आणलेले नाही.