कुरणावरची शाळा : ताराबाई मोडक

चऱ्होलीच्या रस्त्याने जाताना दोन्ही बाजूंना इमारतींची कामे चाललेली दिसतात आणि कामाच्या कडेला मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या. आई विटा वाहत असते आणि सात-आठ वर्षांची मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी असते. शाळेत का जात नाहीस, असे तिला विचारणे सोपे आहे. पण ती गेली तर भावाला सांभाळायचे कोणी? हा अडथळा ज्यांनी आपल्या शिक्षणविचाराच्या केंद्रस्थानी आणला, त्या ताराबाई मोडकांचे नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे, कोण जाणे!

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. घरचे वातावरण प्रार्थनासमाजाचे. १९१४ साली त्या बी. ए. झाल्या. त्या काळी पदवीधर स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, हे ध्यानात घेतले पाहिजे. पुढे विवाह होऊन त्या अमरावतीस गेल्या; परंतु १९२१ साली तो संसार मोडला. एकटी, पदवीधर, पतीपासून विभक्त स्त्री म्हणजे त्या समाजात कुजबुजीला आयताच विषय. ताराबाई राजकोटला गेल्या आणि स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजात प्रमुख झाल्या. प्रतिष्ठेची नोकरी होती. ती सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे बालशिक्षणाच्या कामाला लागल्या. कॉलेजच्या प्रमुखपदावरून अडीच-तीन वर्षांच्या मुलांत जाऊन बसणे, ही लोकांच्या हिशेबी उतरण होती. त्यांचा हिशेब निराळा होता. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, १९३३ पासून मराठीत ‘शिक्षणपत्रिका’ निघू लागली आणि १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाले.

येथवरची कहाणी शहरातील आहे. माँटेसरीबाईंनी १९०७ साली रोममध्ये पहिले बालगृह काढले, ते गरीब कामकऱ्यांच्या मुलांसाठी. आपल्याकडे येईपर्यंत मात्र ती पद्धत बहुतेक खाऊनपिऊन सुखी असलेल्या घरांची झाली होती. तिची साधनेच मुळी महाग! हे शल्य ताराबाईंना होते आणि म्हणून १९४५ साली, वयाच्या ५३ व्या वर्षी, त्यांनी ठाणे जिल्ह्यात समुद्रकाठी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. सोबतीला अनुताई वाघ आल्या. महागड्या साधनांची जागा शंखशिंपले, बिया, पाने, खडे आणि माती यांनी घेतली.

बालवाडी उघडली खरी, पण ज्यांच्यासाठी उघडली ती मुले तिथवर पोचत नव्हती. तेव्हा बालवाडीच वस्तीत नेण्यात आली. कुणाच्या तरी अंगणात, झाडाच्या सावलीत मुले जमवायची, त्यांना अंघोळ घालायची, मग गाणी, गोष्टी, खेळ. हीच अंगणवाडी.

त्याच १९४५ साली डहाणू, तलासरी, उंबरगाव भागात वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा उठाव झाला. गोदावरी परुळेकर त्यांच्या बाजूने उभ्या होत्या. ताराबाईंचा मार्ग लढ्याचा नव्हता. नुसत्या गाण्यागोष्टींनी जमीनदाराचा पाश सुटत नाही, असा आक्षेप कोणी घेतला तर तो अगदीच गैर म्हणता येणार नाही. परंतु पाश सुटल्यावर हिशेबाचा कागद वाचता यायला हवा की नको?

१९५७ साली केंद्र कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या पाड्यांजवळ आले. ताराबाई तेव्हा ६५ वर्षांच्या होत्या. इतरांनी निवृत्त व्हावे अशा वयात त्यांनी सर्वांत अवघड काम हाती घेतले. इथल्या अडचणी पुस्तकात नव्हत्या. मुलगे दिवसभर गुरांमागे जात. गुरे सोडून त्यांनी शाळेत बसावे म्हटले, तर घरचा एक राबता हात कमी व्हायचा. म्हणून शिक्षकच कुरणावर गेले. गुरे चरत आहेत आणि मुले शिकत आहेत, अशी ही कुरणशाळा. मुलींच्या कडेवर धाकटी भावंडे असत. त्यासाठी विकासवाडीची योजना झाली : पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी. तान्हे पाळणाघरात, मधले बालवाडीत आणि थोरली बहीण वर्गात. मध्येच उठून तान्ह्याला पाहून यावे, पुन्हा पाटीशी बसावे. मूल शाळेत येत नाही म्हणून त्याच्या आईबापांना अडाणी ठरविण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे. कोसबाडला दोष शाळेच्या वेळेत, जागेत आणि रीतीत शोधला गेला. मला ताराबाईंचे मोठेपण इथे दिसते. पुढे १९६२ साली पद्मभूषण मिळाले, ही त्यामानाने लहान गोष्ट.

३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाई गेल्या. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. कोसबाडच्या टेकडीवरचे काम अनुताईंनी १९९२ साली स्वतःच्या मृत्यूपर्यंत चालविले.