अक्षरांसाठी झिजलेली दृष्टी

गावोगावच्या चौकांत उभ्या असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्यांत तीन गोष्टी बहुधा आढळतातच : निळा सूट, काखेत धरलेला ग्रंथ आणि डोळ्यांवरचा गोल चष्मा. सुटाचा आणि ग्रंथाचा अर्थ आजवर अनेकांनी उलगडून सांगितला आहे. चष्म्याकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष जात नाही. वास्तविक बाबासाहेबांच्या पासष्ट वर्षांच्या आयुष्यात सर्वांत जास्त राबले ते त्यांचे डोळे. त्यांची विद्वत्ता, त्यांची चळवळ आणि त्यांची धर्मजिज्ञासा या साऱ्यांचे मोल या डोळ्यांनी चुकवले.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे भीमरावांचा जन्म झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत शिक्षक होते. मुलाने शिकावे, हा त्यांचा ध्यास होता. साताऱ्याच्या शाळेत भीमरावांना इतर मुलांपासून वेगळे, स्वतः आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. पुढे कुटुंब मुंबईस आले आणि भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात जाऊ लागले. शिक्षकांनी त्यांना एकदा फळ्यापाशी बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले डबे विटाळतील या भीतीने वर्गातील मुलांनी ते हलवण्यासाठी धाव घेतली होती. संस्कृत शिकण्याची त्यांची इच्छा होती, परंतु ते दार बंद असल्याने त्यांना फारसी घ्यावी लागली. अक्षर डोळ्यांसमोर असूनही ते वाचण्याचा अधिकार नाकारला जातो, याचा अनुभव या मुलाने कोवळ्या वयातच घेतला.

परळच्या चाळीतील एका खोलीत सारा संसार होता. त्याच खोलीत चूल, तिथेच जाते, तिथेच सरपण. दिवसा अभ्यासाला जागा नव्हती, म्हणून रामजींनी एक युक्ती काढली. मुलगा संध्याकाळी लवकर झोपे. रामजी स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत जागे राहत, मग मुलाला उठवत आणि त्याच्या जागी आपण आडवे होत. घासलेटच्या मिणमिणत्या दिव्याखाली भीमरावांचा अभ्यास पहाटेपर्यंत चाले. पुस्तकाची निकड पडली आणि खिसा रिकामा असला, की रामजी लग्न झालेल्या मुलींकडे जात. प्रसंगी त्यांचे दागिने गहाण पडत, पण पुस्तक घरी येई. १९०७ साली भीमराव मॅट्रिक उत्तीर्ण झाले. कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी आपले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. आयुष्याच्या अखेरीस ज्या विषयाने बाबासाहेबांची दृष्टी व्यापली, त्याची ही पहिली ओळख होती.

बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी सुमारे दोन हजार ग्रंथ जमवले. १९१७ साली मायदेशी परतताना त्यांचे सामान वेगळ्या बोटीने येत होते. महायुद्धात ती बोट बुडाली आणि ग्रंथांचा मोठा ठेवा समुद्रतळाशी गेला. तरीही वाचनाची भूक तसूभरही कमी झाली नाही. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, छत्रपती शाहू महाराज आणि पारशी स्नेही नवल भथेना यांचे साहाय्य मिळाले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात ते सकाळी शिरत आणि वाचनालय बंद होईपर्यंत जागचे हलत नसत. रात्री खोलीवर परतल्यावर भाजलेले पापड आणि कपभर दूध घेऊन पुन्हा वाचन सुरू होई, ते थेट पहाटेपर्यंत. १९२३ साली लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. पदवी त्यांना मिळाली. पोट आणि डोळे या दोघांनाही त्या वर्षांत विश्रांती नव्हती.

वयाच्या चाळिशीच्या आसपास डोळ्यांतील नैसर्गिक भिंगाची लवचीकता कमी होते आणि जवळची अक्षरे धूसर दिसू लागतात. मराठीने त्या वेळी लागणाऱ्या चष्म्याचेच नाव 'चाळिशी' ठेवले आहे. बाबासाहेबांनी चाळिशी ओलांडली ती १९३१ साली, गोलमेज परिषदेच्या धामधुमीत. त्या काळानंतरच्या छायाचित्रांत गडद कडेचा गोल चष्मा त्यांच्या चेहऱ्याचा भाग होऊन गेलेला दिसतो. अशा जाड, गोल फ्रेमची त्या काळी अमेरिकेत आणि युरोपात चलती होती. १९१७ पासून मूकपटांतील नट हॅरॉल्ड लॉइड याने ती जगभर पोहोचवली होती. परंतु बाबासाहेबांच्या पोशाखाकडे केवळ शोक म्हणून पाहता येत नाही. ज्या समाजाने काय नेसावे, कोणत्या धातूचे दागिने घालावेत, हेसुद्धा इतरांनी ठरवले, त्या समाजाचा हा नेता होता. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे त्यांनी स्त्रियांना जुनी ओळख सांगणारी लुगडी नेसण्याची पद्धत आणि कथलाचे दागिने टाकून देण्यास सांगितले होते. पोशाख हा त्यांच्या दृष्टीने स्वाभिमानाचा प्रश्न होता. महात्मा गांधींचा तारेचा बारीक चष्मा साधेपणाची खूण ठरला, तर बाबासाहेबांचा गडद चष्मा अध्ययनाची आणि बरोबरीच्या हक्काची.

दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी 'राजगृह' बांधले ते मुख्यतः ग्रंथांसाठी. माणसे पुस्तके ठेवायला घरात जागा करतात. येथे पुस्तकांच्या घरात माणसांनी जागा करून घेतली होती. पुढे पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले आणि बाबासाहेबांच्या ग्रंथांचा लाभ विद्यार्थ्यांनाही होऊ लागला.

२९ ऑगस्ट १९४७ रोजी घटना समितीच्या मसुदा समितीची नेमणूक झाली. तिचे अध्यक्षपद स्वीकारताना बाबासाहेबांची प्रकृती खालावत चालली होती. मधुमेह जडला होता, पायांतील वेदनांनी झोप येत नसे. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह केला. सविता आंबेडकर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पत्नीने डॉक्टर या नात्यानेही त्यांची शुश्रूषा केली. अशा अवस्थेत त्यांनी राज्यघटनेच्या कलमाकलमावर चर्चा केली, दुरुस्त्या तपासल्या, उत्तरे दिली. १९५४ साली तर जून ते ऑक्टोबर एवढा काळ आजारपण आणि मंद झालेली दृष्टी यांमुळे त्यांना अंथरुणावर काढावा लागला. ज्याने उभे आयुष्य वाचनात घालवले, त्याला अक्षर दिसेनासे व्हावे, यासारखी शिक्षा दुसरी नाही. त्यांचे सचिव नानकचंद रत्तू यांच्यासमोर त्यांना या यातना लपवता आल्या नाहीत.

मधुमेह आणि क्षीण दृष्टी ही दोन दुखणी त्यांच्या अखेरच्या वर्षांत बरोबरीने चालली. मधुमेहाचा डोळ्यांशी असलेला संबंध आज सर्वज्ञात आहे. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली, की डोळ्याच्या आतील पडद्यावरच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या दुबळ्या होतात, त्यांतून स्राव पाझरतो, कधी रक्तस्राव होतो. प्रारंभी दुखत नाही, खुपत नाही आणि दिसण्यातही फरक पडत नाही. चष्म्याचा नंबर बदलून हा विकार बरा होत नाही. मोतीबिंदूही मधुमेहींना लवकर गाठतो. लेसर किरणांनी पडद्यावर उपचार करण्याचे तंत्र १९६० च्या दशकात आले. बाबासाहेबांच्या हयातीत ते उपलब्ध नव्हते. आज मात्र वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घेतला, तर मधुमेहींचे बरेचसे अंधत्व टाळता येते.

दृष्टी मावळत असताना बाबासाहेबांनी हाती घेतलेले काम होते 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथाचे. १९५१ पासून ते त्यात गुंतले होते. प्रकृतीच्या चढउतारांत लेखन थांबे, पुन्हा सुरू होई. रत्तू कार्यालयातील नोकरी आटोपून संध्याकाळी येत आणि रात्री उशिरापर्यंत टंकलेखन करत. हा ग्रंथ पुरा होण्याइतके आयुष्य आपल्याला लाभले, याचे श्रेय बाबासाहेबांनी प्रस्तावनेत सविताबाई आणि डॉ. मालवणकर यांना दिले. टंकलेखनासाठी कष्ट घेणाऱ्या रत्तू आणि प्रकाशचंद यांचेही ऋण त्यांनी मानले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंच्या साक्षीने त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. नोव्हेंबरमध्ये काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत भाषण केले. डिसेंबरच्या प्रारंभी ग्रंथाचे अखेरचे काम हातावेगळे झाले. ५ डिसेंबरच्या रात्री, दिल्लीतील २६, अलीपूर रोड या निवासस्थानी त्यांनी प्रस्तावनेची टंकलिखित पाने तपासण्यासाठी जवळ मागून घेतली. ६ डिसेंबरची सकाळ त्यांनी पाहिली नाही. ग्रंथ १९५७ साली सिद्धार्थ महाविद्यालयाच्या प्रकाशनातर्फे प्रसिद्ध झाला. लेखकाला तो छापील रूपात पाहता आला नाही.

दरवर्षी ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीकडे लोटणारा जनसमुदाय शिवाजी पार्कवरील पुस्तकांच्या दुकानांभोवती गर्दी करतो. पालघर आणि बोईसर यांच्यामधल्या उमरोळीसारख्या लहान स्थानकांपासून विदर्भ-मराठवाड्यातील खेड्यांपर्यंतची माणसे परतताना पिशवीत पुस्तके घेऊन जातात. त्यांतील कित्येकांच्या आजोबा-पणजोबांना अक्षरओळखही नव्हती. परळच्या चाळीत मध्यरात्री पेटणाऱ्या दिव्याचे हे फलित आहे. या वाचणाऱ्या घरांत आता मधुमेहही शिरला आहे. एका माणसाने आपली दृष्टी खर्ची घालून मिळवून दिलेला वाचनाचा हक्क जपायचा, तर पुस्तकाबरोबर डोळ्यांनाही जपले पाहिजे.