विल्यम विल्बरफोर्स

विल्यम विल्बरफोर्स (२४ ऑगस्ट १७५९ – २९ जुलै १८३३) हे ब्रिटिश राजकारणी, समाजसुधारक आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्धच्या संसदीय लढ्याचे नेते होते. ब्रिटिश संसदेतील इव्हँजेलिकल ख्रिस्ती सदस्यांचे ते प्रमुख मानले जातात.

प्रारंभिक जीवन

विल्बरफोर्स यांचा जन्म इंग्लंडमधील हल या बंदराच्या गावी सधन व्यापारी कुटुंबात झाला. केंब्रिज येथील शिक्षणानंतर वयाच्या एकविसाव्या वर्षी, १७८० मध्ये, ते हलमधून हाऊस ऑफ कॉमन्सवर निवडून आले. १७८४ पासून १८१२ पर्यंत त्यांनी यॉर्कशायरचे प्रतिनिधित्व केले. पुढे पंतप्रधान झालेले धाकटे विल्यम पिट हे त्यांचे निकटचे मित्र होते.

१७८५ च्या सुमारास त्यांच्यात धार्मिक परिवर्तन घडून आले. बायबलवरील निष्ठा आणि वैयक्तिक पश्चात्ताप यांवर भर देणारा इव्हँजेलिकल पंथ त्यांनी स्वीकारला. राजकारण सोडण्याचा विचार त्यांच्या मनात होता. परंतु पूर्वी गुलामवाहू जहाजाचे कप्तान असलेले धर्मगुरू जॉन न्यूटन यांनी त्यांना संसदेत राहण्याचा सल्ला दिला.

गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढा

१२ मे १७८९ रोजी त्यांनी हा प्रश्न संसदेत मांडला. थॉमस क्लार्कसन यांनी बंदरोबंदरी फिरून जमविलेले पुरावे त्यांच्या हाती होते. १७९१ मध्ये त्यांचे विधेयक ८८ विरुद्ध १६३ मतांनी फेटाळले गेले. पुढे फ्रान्सशी युद्ध सुरू झाल्याने सुधारणेचा आग्रह संशयास्पद ठरू लागला.

लंडनजवळील क्लॅपहॅम येथे राहणारे हेन्री थॉर्नटन, चार्ल्स ग्रँट, जेम्स स्टीफन आदी समविचारी मंडळी त्यांच्यासोबत होती. हा गट संख्येने लहान होता व तो स्वतंत्र पक्ष नव्हता. जनतेचे अर्ज, पुस्तिका आणि अन्य पक्षीयांशी सहकार्य ही त्याची साधने होती. १८०७ मध्ये विधेयक २८३ विरुद्ध १६ मतांनी संमत झाले व २५ मार्च रोजी त्याचे कायद्यात रूपांतर झाले.

भारताशी संबंध

ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेत मिशनऱ्यांना वाव देणारे कलम घालण्याचा त्यांचा प्रयत्न १७९३ मध्ये फसला. १८१३ मध्ये तो सफल झाला. त्याच वर्षी अमेरिकन मिशनरी मुंबईत दाखल झाले होते. त्यांच्या मराठी मिशनने पुढे अहमदनगर येथून १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केले. विल्बरफोर्स स्वतः भारतात कधीच आले नाहीत. हिंदू धर्माविषयीची त्यांची मते कठोर व एकांगी होती.

टीका

इंग्लंडमधील कामगारांच्या संघटनांवर बंदी घालणाऱ्या कायद्यांना त्यांनी पाठिंबा दिला. त्यामुळे दूरच्या गुलामांविषयी कळवळा असणारे विल्बरफोर्स घरच्या श्रमिकांकडे दुर्लक्ष करतात, अशी टीका समकालीनांनी केली. गुलामांच्या मुक्ततेसाठी आणि धर्मप्रसारासाठी त्यांना एकाच श्रद्धेने प्रवृत्त केले. म्हणून त्यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना या दोन्ही बाजूंचा विचार केला जातो.

अखेरचे दिवस

१८२५ मध्ये प्रकृतीच्या कारणास्तव ते संसदेतून निवृत्त झाले व नेतृत्व थॉमस बक्स्टन यांच्याकडे गेले. जुलै १८३३ मध्ये दास्यविमोचनाचे विधेयक कॉमन्समध्ये संमत होणार हे निश्चित झाल्याची वार्ता त्यांना समजली आणि तीन दिवसांनी त्यांचे निधन झाले. या कायद्याने गुलामांच्या मालकांना दोन कोटी पौंडांची भरपाई मिळाली. गुलामांना मात्र काहीही मिळाले नाही. कंपनीच्या ताब्यातील भारतीय प्रदेश त्यातून वगळण्यात आला होता; तेथे असा कायदा १८४३ मध्ये झाला. विल्बरफोर्स यांचे दफन लंडनमधील वेस्टमिन्स्टर ॲबेत, मित्र पिट यांच्या समाधीनजीक करण्यात आले.