बाळंतपणाचा भार कोणी उचलायचा?

आमच्या दिघ्यात बऱ्याच घरांत बाबासाहेबांचा फोटो आहे. राज्यघटना त्यांनी लिहिली, हे लहान पोरही सांगेल. पण बाळंतपणाच्या रजेशीही त्यांचा संबंध आहे म्हटलं, की ठाणे-बेलापूर पट्ट्यात पॅकिंगला जाणाऱ्या आमच्या शेजारणी चकित होतात.

मैत्रिणींनो, डॉ. आंबेडकर मुळात शिक्षक. सिडनहॅम कॉलेजात त्यांनी अर्थशास्त्र शिकवलं, आणि जून १९२८ मध्ये ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजात प्राध्यापक झाले. लगेच जुलैत मुंबई कायदेमंडळापुढे कारखान्यातल्या बायकांना बाळंतपणात रजा आणि भत्ता देणारं विधेयक आलं. बाबासाहेब तिथे सरकारनियुक्त सभासद होते. मालकवर्गाचा सूर असा, की हा भुर्दंड आमच्यावर पडला तर बायका कामावर ठेवायच्याच कशाला? (ओळखीचं वाटतंय ना?) बाबासाहेबांनी विधेयकाला पाठिंबा दिला. आईला आधी आणि नंतर विश्रांती मिळणं ही देशाची गरज आहे, म्हणून हा भार मुख्यतः सरकारनं उचलावा, असं त्यांचं म्हणणं. पण बायका कामाला ठेवून मालक नफा कमावतात, तेव्हा त्यांनाही अंग काढून घेता येणार नाही. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा कायदा झाला. देशातला या विषयावरचा तो पहिलाच.

त्यांच्या घरचं दुःख मात्र कुठल्याच कायद्यानं हलकं होणार नव्हतं. रमाबाईंची पाच मुलं, त्यातला एकटा यशवंत जगला. राजरत्न १९२६ मध्ये गेला. २७ मे १९३५ ला रमाबाई गेल्या, आणि जूनमध्ये बाबासाहेब त्याच लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. कसे उभे राहिले असतील वर्गात!

बायकांच्या तब्येतीचा विषय त्यांनी आडपडदा न ठेवता हाताळला. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला भरला गेला, तेव्हा कर्व्यांचं वकीलपत्र घेतलं बाबासाहेबांनी. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. १९३८ मध्ये त्यांच्या पक्षाचे पी. जे. रोहम यांनी विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला, तोही पडला.

१९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचे प्रमुख होते. या काळातली एक गोष्ट मला खटकते. युद्धात कोळसा कमी पडला म्हणून बायकांना जमिनीखाली खाणीत उतरवण्यावरची बंदी १९४३ मध्ये उठवली गेली, आणि बाबासाहेबांनी त्याचं समर्थन केलं. पुरुषाइतकीच मजुरी मिळण्याची अट घातली, स्वतः धनबादच्या खाणीत उतरून पाहणी केली, खाणीतल्या गरोदर बायकांसाठीचे नियम १९४५ मध्ये कडक केले, हे सगळं खरं. १९४६ मध्ये बंदी परत आली. तरी त्या तीन वर्षांत पोटुशीपणी खाली उतरलेल्या बाया डोळ्यांपुढून हलत नाहीत.

पण १९२८ च्या त्या प्रश्नाला त्यांच्याच काळात निराळी वाट सापडली. मार्च १९४३ मध्ये प्रा. बी. पी. अडारकर यांना कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखायला सांगण्यात आलं. त्यातून १९४८ चा ईएसआय कायदा उभा राहिला. बाबासाहेब तोवर त्या खात्यातून बाहेर पडले होते. थोडे पैसे कामगाराचे, जास्त मालकाचे, सगळे एका निधीत, आणि बाळंतिणीला पैसे त्या निधीतून. म्हणजे कोण्या एका मालकावर तिचा बोजा नाही आणि तिला टाळायचं कारणही नाही. २०१७ साली पहिल्या दोन बाळंतपणांची रजा १२ वरून २६ आठवडे झाली. पण जिथे ईएसआय नाही, तिथे सगळा पगार मालकालाच द्यावा लागतो. मग मुलाखतीतच लग्न झालंय का विचारतात.

आमच्या गल्लीतल्या एका सुनेला ठेकेदारानं सहाव्या महिन्यात उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. तिच्या पगारातून ईएसआय कापला जात होता, दिवसही पुरेसे भरले होते, त्यामुळे पैसे थेट तिच्या बँकेत आले. तिच्याच बाकावर बसणाऱ्या दुसरीला पगार रोख हातात मिळायचा, कापाकापी काही नाही. तिला बरं वाटायचं, चार पैसे जास्त येतात म्हणून. ती बाळंत झाली तेव्हा तिला एक रुपया मिळाला नाही.