सात व्रतांचा मुख्याध्यापक

चेन्नईहून मोटारीने कुंभकोणमकडे निघाले, की अणैक्करै येथे कोल्लिडम नदी ओलांडावी लागते. तिथून पुढे भातखाचरांमधून जाणाऱ्या रस्त्यावर, कुंभकोणम आठ-दहा किलोमीटरवर राहिले असताना, चोळपुरम् हे गाव येते. मागच्या प्रवासात तिथे मी कॉफीसाठी थांबलो होतो. दुकानाच्या भिंतीवर, देवाच्या तसबिरीशेजारी, मालकाच्या मुलीने हाताने आखलेले वेळापत्रक चिकटवलेले होते. पहाटे साडेचारपासून रात्री दहापर्यंत प्रत्येक तासाला एक विषय नेमलेला आणि प्रत्येक दिवसापुढे खूण करण्यासाठी एक चौकोन. ती स्पर्धा परीक्षेची तयारी करत होती. पहिले नऊ चौकोन भरलेले होते, पुढचे सारे रिकामे. माझी नजर तिकडे गेल्याचे पाहून दुकानदार ओशाळून हसला.

अशी वेळापत्रके देशातील असंख्य घरांच्या भिंतींवर आहेत. मीही आयुष्यात अनेक आखली आणि बहुतेक दुसऱ्या आठवड्यात मोडली. चौकोन रिकामे राहिले की आपण त्या मुलामुलींच्या निर्धाराला दोष देतो. स्वयंशिस्त ही प्रत्येकाच्या मनातली शिल्लक आहे, कुणाकडे ती अधिक असते आणि कुणाकडे कमी, असे आपण धरून चालतो. त्या दिवशी मी जिकडे निघालो होतो, त्या गावात जन्मलेल्या एका माणसाच्या चरित्राने मात्र माझी ही समजूत बरीच बदलली आहे.

कुंभकोणमच्या पलीकडे, काही मैलांवर, वलंगैमान नावाचे गाव आहे. 22 सप्टेंबर 1869 रोजी तिथे एका गरीब पुरोहिताच्या घरी श्रीनिवास शास्त्री यांचा जन्म झाला. गांधीजींपेक्षा ते अवघ्या दहा दिवसांनी मोठे. घरात संस्कृतचे पाठांतर होते, पैसा नव्हता. शाळा आणि पुढे सरकारी महाविद्यालय, दोन्ही कुंभकोणमलाच झाले. इंग्रजी आणि संस्कृत या विषयांत पहिल्या वर्गाची पदवी घेऊन ते शिक्षक झाले. आधी मायावरम्, मग सेलम आणि शेवटी मद्रास. 1894 मध्ये, वयाच्या पंचविशीत, ते ट्रिप्लिकेनच्या हिंदू हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. उच्चार, शब्दयोजना आणि वाक्यरचना यांबाबतचा त्यांचा काटेकोरपणा तेव्हापासूनचा. पुढे गांधीजींच्या इंग्रजीतील चुकाही ते पत्रातून कळवत.

त्याच कुंभकोणमच्या महाविद्यालयात 1904 मध्ये श्रीनिवास रामानुजन दाखल झाले होते. गणिताखेरीज इतर विषयांकडे त्यांनी पाठ फिरवली आणि त्यांची शिष्यवृत्ती गेली. रामानुजन यांच्यात एकाग्रतेची उणीव होती असे कोण म्हणेल? उणीव होती ती त्या एकाग्रतेला सांभाळून घेणाऱ्या व्यवस्थेची. ती त्यांना पुष्कळ उशिरा, मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमधील कारकुनी आणि नंतर केंब्रिज यांच्या रूपाने मिळाली. शास्त्रींची प्रतिभा त्या जातीची नव्हती. स्वतःच्या मर्यादांची त्यांना पुरती जाणीव होती आणि म्हणूनच असेल, व्यवस्थेचे मोल त्यांना लवकर कळले.

मद्रासमध्ये असताना, 1904 साली, ट्रिप्लिकेन अर्बन को-ऑपरेटिव्ह सोसायटी उभी करणाऱ्यांमध्ये शास्त्री होते. पगारदार माणसाने महिनाअखेरीला दुकानदाराच्या उधारीत अडकू नये, वाजवी भावात चोख माल मिळावा, एवढाच तिचा माफक उद्देश होता. पण त्यामागचा विचार लक्षात घेण्याजोगा आहे. काटकसर करा, असा उपदेश शिक्षक वर्गात रोज करू शकतो. तीच काटकसर सोपी व्हावी म्हणून शेजाऱ्यांनी एकत्र येऊन दुकान काढणे, हा वेगळा मार्ग आहे.

नेमक्या त्याच सुमारास पुण्यात गोपाळ कृष्ण गोखले हाच विचार राष्ट्रकार्याला लावत होते. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांनी दरमहा 75 रुपयांवर वीस वर्षे शिकवण्याची प्रतिज्ञा घ्यायची, ही परंपरा महाराष्ट्राला परिचित आहे. गोखले त्या परंपरेत घडले होते. 12 जून 1905 रोजी, फर्ग्युसन महाविद्यालयामागच्या टेकडीवर, त्यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली. प्रथम स्वतः शपथ घेतली आणि मग तीन सहकाऱ्यांना दिली. व्रते सात होती. देशाला विचारात अग्रस्थान द्यायचे. सेवेतून स्वतःचा लाभ शोधायचा नाही. जात-धर्म न पाहता सर्व भारतीयांना बंधू मानायचे. समाज जे देईल त्यात स्वतःचे व कुटुंबाचे भागवायचे, वेगळी कमाई करायची नाही. खासगी आयुष्य निर्मळ ठेवायचे. कुणाशीही वैयक्तिक भांडण करायचे नाही. आणि समाजाच्या उद्दिष्टांना बाधेल असे काही करायचे नाही. शिवाय पाच वर्षांची उमेदवारी होती. त्यापैकी तीन वर्षे पुण्यात अभ्यास आणि दोन वर्षे देशभर प्रवास, अशी तिची आखणी होती.

शास्त्री 1907 च्या जानेवारीत या समाजात दाखल झाले. तेव्हा ते सदतीस वर्षांचे होते. संसार होता, मानाची नोकरी होती, मद्रासमध्ये लौकिक होता. त्यांनी मुख्याध्यापकपद सोडले आणि वयाने केवळ तीन वर्षांनी मोठ्या असलेल्या गोखल्यांचे शिष्यत्व पत्करले.

ही सात व्रते मी अनेकदा वाचली आहेत. दर वेळी मला त्यांतील व्यवहारज्ञान अधिक जाणवते. पैशाच्या मोहाशी रोज झगडण्याचे काम सदस्यावर सोपवलेले नाही. तो प्रश्न एकदाच, शपथेच्या दिवशी, निकालात काढलेला आहे. कुटुंबाची किमान तजवीज समाज करतो, म्हणून त्यागाचे ओझे बायकामुलांवर पूर्णपणे पडत नाही. आणि व्रत चारचौघांच्या देखत घेतलेले असल्याने ते मोडणे ही खासगी बाब राहत नाही. निर्धार करायचा तो एकदा. पुढची वर्षे त्या निर्धाराला संस्थेने आधार द्यायचा.

19 फेब्रुवारी 1915 रोजी गोखले गेले. दक्षिण आफ्रिकेतून नुकतेच परतलेले गांधीजी समाजात येऊ इच्छित होते, पण सदस्यांमध्ये त्याबद्दल मतभेद होते. समाजात फूट पडू नये म्हणून गांधीजींनी आपला अर्ज मागे घेतला. अध्यक्षपद शास्त्रींकडे आले आणि ते त्यांनी 1927 पर्यंत सांभाळले. पुण्याच्या संस्थेची धुरा बारा वर्षे एका तमिळ शिक्षकाच्या खांद्यावर होती आणि ती त्यांच्याकडून गोपाळ कृष्ण देवधरांकडे गेली. प्रांताभिमानाच्या आजच्या काळात हे आवर्जून सांगावेसे वाटते.

व्रतांची खरी कसोटी मात्र अध्यक्षपदाच्या काळात लागली. 1919 मध्ये शास्त्रींनी केंद्रीय कायदेमंडळात रौलट विधेयकाला कडाडून विरोध केला. ते भाषण त्यांच्या उत्कृष्ट भाषणांपैकी एक मानले जाते. पण त्याच कायद्याविरुद्ध गांधीजींनी सत्याग्रह पुकारला, तेव्हा शास्त्री त्यात गेले नाहीत. सनदशीर मार्गावर त्यांची निष्ठा होती आणि टाळ्यांसाठी ती सोडणे त्यांना मान्य नव्हते. परिणामी सरकारला ते परखड वाटत आणि तरुणांना मवाळ. 1921 मध्ये ते प्रिव्ही कौन्सिलचे सदस्य झाले, त्या वर्षी राष्ट्रसंघात आणि वॉशिंग्टनच्या नौदल परिषदेत त्यांनी हिंदुस्थानचे प्रतिनिधित्व केले. त्याच वर्षी देशात असहकाराची चळवळ ऐन भरात होती. मायदेशी त्यांची थट्टा होत असे.

1923 मध्ये केनियातील भारतीयांच्या समान हक्कांसाठी ते लंडनला गेले. ब्रिटिश सरकारचा निर्णय विरोधात गेला. तेथील उंच प्रदेशातील सुपीक जमिनी गोऱ्यांसाठीच राखून ठेवल्या गेल्या. शास्त्री मनाने खचले, प्रकृतीही ढासळली. साम्राज्याच्या न्यायबुद्धीवर आयुष्यभर विश्वास टाकलेल्या या माणसाने मग लंडनच्या साम्राज्य प्रदर्शनावर बहिष्कार घालण्याचे आवाहन केले.

तरीही 1927 मध्ये, गांधीजींच्याच आग्रहावरून, ते भारत सरकारचे पहिले एजंट म्हणून दक्षिण आफ्रिकेला गेले. तिथे अपमान नित्याचे होते. 1928 मध्ये क्लेर्क्सडॉर्प येथे गोऱ्यांच्या टोळक्याने त्यांची सभा उधळली. शास्त्रींनी काम थांबवले नाही. डरबनमध्ये भारतीय मुलांच्या माध्यमिक शिक्षणासाठी तेथील व्यापाऱ्यांकडून त्यांनी निधी जमवला आणि त्यातून उभे राहिलेल्या संस्थेला शास्त्री कॉलेज हे नाव मिळाले. दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांच्या अनेक पिढ्या तिथे शिकल्या. सहावे व्रत, वैयक्तिक भांडण न करण्याचे, ऐकायला सौम्य वाटते. परक्या भूमीवर, अपमान करणाऱ्यांशीच पुन्हा दुसऱ्या दिवशी वाटाघाटी करायच्या असताना त्याची किंमत कळते.

यापुढची गोष्टही सांगितली पाहिजे, नाहीतर हे चरित्र पोथी होईल. शिस्त माणसाला ठरवलेल्या वाटेवर ठेवते. वाट बरोबर आहे की नाही हे ती सांगत नाही. विसाव्या शतकातील हिंदुस्थानात सर्वसामान्य शेतकरी आणि स्त्रिया राजकारणात उतरत होत्या. शास्त्रींच्या सनदशीर मार्गात त्यांना जागा नव्हती. गांधीजींनीही स्वतःला व्रतांनी बांधून घेतले होते, पण ती व्रते त्यांना लोकांपर्यंत घेऊन गेली. शास्त्रींची व्रते त्यांना परिषदांच्या दालनांपर्यंत घेऊन गेली. इतिहासाने कुणाच्या बाजूने कौल दिला हे आपण जाणतो. मला वाटते, आपल्या पदरी आलेला एकाकीपणा शास्त्रींनाही दिसत होता. त्यांनी तो सोसला, पण त्याचे भांडवल केले नाही. सर ही पदवी देऊ केली गेली, ती त्यांनी नाकारली. उत्तरायुष्यात चिदंबरमजवळच्या अण्णामलै विद्यापीठाचे कुलगुरुपद पाच वर्षे सांभाळून ते पुन्हा शिक्षकच झाले. 1946 च्या आरंभी ते मद्रासच्या रुग्णालयात आजारी असताना गांधीजी त्यांना भेटायला गेले. तीन दशकांच्या मतभेदांनंतरही तो स्नेह शाबूत होता. 17 एप्रिल 1946 रोजी शास्त्रींचे निधन झाले. स्वातंत्र्य अवघे सोळा महिने दूर होते.

आज स्वयंशिस्तीचा बाजार मोठा आहे. पुस्तके, शिबिरे, मोबाइलवरची स्मरणयंत्रे यांची वाण नाही. या साऱ्यांत माणूस एकटा गृहीत धरलेला असतो. त्याने स्वतःलाच वचन द्यायचे, स्वतःच पहारा करायचा आणि हरला तर स्वतःलाच दोष द्यायचा. आपली सार्वजनिक धोरणेही याच गृहीतकावर चालतात. परीक्षेच्या जाहिराती निघतात, शिष्यवृत्त्या जाहीर होतात, पण खेड्यातल्या मुलीला रात्री बसायला जागा, बरोबर वाचणारे चारजण आणि आठवड्यातून एकदा विचारपूस करणारा शिक्षक मिळेल याची तजवीज क्वचितच होते. एका अभ्यासिकेचा खर्च फार नसतो. पण अर्थसंकल्पात तिला जागा शोधावी लागते, कारण शिस्त ही ज्याची त्याने आणायची वस्तू आहे असे आपण ठरवून टाकले आहे.

वलंगैमानहून परतताना मी पुन्हा चोळपुरम्ला थांबलो. दुकानदाराला विचारले, मुलगी अभ्यासाला कुठे बसते? त्याने दुकानाच्या मागच्या, दिवसभर भांड्यांचा आवाज येणाऱ्या खोलीकडे बोट दाखवले. गावात तिच्याबरोबर परीक्षा देणाऱ्या आणखी तीन मुली आहेत, असेही त्याने सांगितले. त्या चौघी एकत्र बसतात का, असे मी विचारले. बसायला जागा कुठे आहे, असे म्हणून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.