कॅन्सरच्या गाठीत बॅक्टेरिया टोचणारा डॉक्टर: विल्यम कोली

बॅक्टेरिया म्हटलं की आपल्याला आधी सॅनिटायझर आठवतं. पण न्यूयॉर्कमध्ये एक डॉक्टर असे होते, ज्यांनी कॅन्सरच्या पेशंटला मुद्दाम बॅक्टेरिया टोचले. कुणाला चोरून नाही, तर हॉस्पिटलमध्ये, सगळ्यांसमोर. त्यांचं नाव विल्यम कोली. इम्युनोथेरपीबद्दल वाचायला लागलो की हे नाव येतंच, म्हणून आज मी त्यांचीच गोष्ट सांगणार आहे.

एका मुलीचा मृत्यू

कोलींचा जन्म 1862 चा, अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातला. येलमधून पदवी घेतली, हार्वर्डमधून 1888 मध्ये डॉक्टर झाले आणि न्यूयॉर्कला सर्जन म्हणून कामाला लागले. 1890 मध्ये त्यांच्याकडे बेसी डॅशिएल नावाची 17 वर्षांची मुलगी आली. रेल्वेप्रवासात हाताला लागलं होतं, ते काही केल्या बरं होत नव्हतं. निघाला सार्कोमा, म्हणजे हाड, स्नायू अशा भागांत होणारा कॅन्सर. कोलींनी कोपराखाली हात कापला. तरी कॅन्सर अंगभर पसरला आणि जानेवारी 1891 मध्ये ती गेली.

ऑपरेशन बरोबर झालं होतं, तरी पेशंट वाचली नाही. हे कोलींच्या मनातून जाईना. मग ते हॉस्पिटलची जुनी रजिस्टरं चाळायला बसले.

रजिस्टरमध्ये सापडलेला माणूस

त्यात एक विचित्र केस मिळाली. स्टाइन नावाचा एक जर्मन स्थलांतरित. मानेवर सार्कोमा. कितीदा काढला तरी परत यायचा. डॉक्टरांनी आशा सोडली होती. तेवढ्यात त्याला एरिसिपेलस झाला. स्ट्रेप्टोकॉकस बॅक्टेरियामुळे होणारा हा त्वचेचा आजार, यात कातडी लालबुंद होऊन सुजते आणि सणसणून ताप येतो. अँटिबायोटिक्स तेव्हा नव्हतीच. माणूस मरायचा, पण झालं उलटंच. ताप उतरला आणि गाठही गेली!

नोंद तिथेच संपत होती. पुढे काय झालं? कोली स्वतः न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत, लोअर ईस्ट साइडला, दारोदार शोधत फिरले. आणि स्टाइन सापडला. सात वर्षांनंतरही ठणठणीत!

जिवंत बॅक्टेरियापासून मेलेल्या बॅक्टेरियापर्यंत

1891 मध्ये कोलींनी झोला नावाच्या इटालियन पेशंटला जिवंत स्ट्रेप्टोकॉकस टोचले. बरेच महिने काही खास होईना. शेवटी जोरदार एरिसिपेलस झाला, तो मरता मरता वाचला आणि मानेतली गाठ विरघळली. पुढे तो जवळजवळ आठ वर्षं जगला.

पण याची दुसरी बाजूही आहे. पुढच्या प्रयोगांत दोन पेशंट कॅन्सरने नाही, तर टोचलेल्या संसर्गानेच दगावले. मग कोलींनी जिवंत जंतू सोडून दिले. स्ट्रेप्टोकॉकस आणि सेराशिया हे दोन बॅक्टेरिया मारून त्यांचं मिश्रण बनवलं. हेच ते ‘कोलीज टॉक्सिन्स’. जानेवारी 1893 मध्ये पोटात मोठी गाठ असलेल्या 16 वर्षांच्या एका मुलाला ते द्यायला सुरुवात केली. दर डोसला थंडी वाजून ताप यायचा आणि गाठ थोडी थोडी कमी व्हायची. तो मुलगा त्यानंतर 26 वर्षं जगला आणि गेला तो हृदयविकाराने.

मग हे औषध गायब का झालं?

व्हॉट्सॲपवर असं काही आलं की खाली ठरलेली ओळ असते: कंपन्यांनी हे दाबलं! पण इथे तसं नव्हतं. 1899 पासून पार्क-डेव्हिस या कंपनीने हे औषध बाजारात विकलंसुद्धा.

खरी अडचण कोलींच्या पद्धतीत होती. मिश्रण बनवायच्या डझनाहून जास्त कृती होत्या, काही जोरदार तर काही अगदीच सौम्य. कधी इंजेक्शन गाठीत, कधी स्नायूत, कधी शिरेत. काही पेशंटचं आधी ऑपरेशन झालेलं, काहींना रेडिएशनही दिलेलं. मग जो बरा झाला, तो नक्की कशाने? औषध दिलेले आणि न दिलेले असे दोन गट शेजारी ठेवून कोलींनी तुलना केली नव्हती. तशी पद्धत तेव्हा रुळलेलीच नव्हती.

त्यात 1895 मध्ये एक्स-रेचा शोध लागला. रेडिएशनचा डोस मोजता यायचा, परिणाम दिसायचा. मेमोरियल हॉस्पिटलमध्ये कोलींचे वरिष्ठ जेम्स युइंग हे रेडिएशनचे मोठे पुरस्कर्ते होते, त्यांचा कोलींवर विश्वास नव्हता. 1936 मध्ये कोली वारले, तोवर त्यांचं औषध मागे पडलं होतं.

मुलीने उघडलेली कागदपत्रं

कोलींची मुलगी हेलन डॉक्टर नव्हती. पण वडिलांचे कागद तिने एकेक करून लावले, हजारभर केसेस जमवल्या आणि 1953 मध्ये न्यूयॉर्कला कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट सुरू केली. वडील बरोबर होते असं नुसतं म्हणत न बसता तिने संशोधकांना पैसा उभा करून दिला. माझ्या मते या गोष्टीतलं सगळ्यात मोठं काम हेच.

कारण ‘कसं’ याचं उत्तर हळूहळू मिळत गेलं. कॅन्सरची पेशी आपल्याच शरीराची असते. फोनमध्ये सिस्टीम ॲपचं नाव घेऊन लपलेल्या व्हायरससारखी. रोगप्रतिकारशक्ती तिला सोडून देते. पण बॅक्टेरियाचे तुकडे दिसले की शरीरात अलार्म वाजतो, लढणाऱ्या पेशी धावत येतात आणि कधी कधी त्यांच्या तावडीत गाठही सापडते. म्हणजे काम करत होती ती पेशंटची स्वतःची प्रतिकारशक्ती. ताप ही फक्त त्याची खूण.

आज कुठे वापरतात?

तुमच्या दंडावर बीसीजीच्या लशीचा व्रण असेल. टीबीसाठी जन्मल्यावर देतात ती. तिच्यात कमजोर केलेला जिवंत बॅक्टेरिया असतो. मूत्राशयाच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या कॅन्सरमध्ये गाठ काढल्यावर तोच बॅक्टेरिया नळीने मूत्राशयात सोडतात, साधारण आठवड्यातून एकदा, सहा आठवडे. अमेरिकेत याला 1990 मध्ये मान्यता मिळाली. आपल्या पुण्याची सीरम इन्स्टिट्यूटही या उपचारासाठीची बीसीजी बनवते. शिवाय गाठीच्या मध्यभागी ऑक्सिजन कमी असतो आणि काही बॅक्टेरियांना नेमकं तेच आवडतं. म्हणून त्यांचे जीन्स बदलून त्यांच्याकडून औषध आत पोहोचवायचे प्रयोगही चालू आहेत.

तेव्हा ‘ताप येऊ द्या, कॅन्सर पळेल’ असा फॉरवर्ड आला तर घरच्या पेशंटची केमो थांबवू नका. कोलींना दिसलं ते खरं होतं. पण कुणाला, किती आणि कशा रूपात द्यायचं हे कळायला पुढची कित्येक वर्षं चाचण्या कराव्या लागल्या. कॅन्सरचे डॉक्टर आज जे बॅक्टेरिया वापरतात, ते या चाचण्यांतून पास होऊन आलेत. फॉरवर्डमधला ताप नाही आलेला.