देवळालीचे गणितानंद

मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावर टिटवाळा मागे पडले की पुढचे स्थानक आमचे खडवली. भातसा नदीमुळे हे नाव थोडेफार लोकांच्या कानावर असते. सुटीच्या दिवशी नदीत डुंबायला येणाऱ्यांची गर्दी होते आणि संध्याकाळच्या गाडीने ती ओसरतेही. आम्हा रोजच्या प्रवाशांना मात्र हा लोहमार्ग म्हणजे घराचे अंगणच. याच रुळांवरून मागे गेले की कल्याण, डोंबिवली, ठाणे लागतात. पुढे कसाऱ्याचा घाट चढून गेले की इगतपुरी आणि नाशिकच्या अलीकडे देवळाली. या एकाच मार्गावर ज्यांच्या आयुष्याचे कितीतरी धागे गुंतलेले आहेत, अशा एका शाळामास्तरांची ओळख मला अगदी अवचित झाली. ते मास्तर म्हणजे कै. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर.

मी कलाशाखेची विद्यार्थिनी. दहावीनंतर गणिताशी मी जो काडीमोड घेतला तो कायमचा, असे मला वाटत होते. पण माझी मावशी आमच्याच भागातील एका शाळेत मराठी आणि इतिहास शिकवते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासून संगणकाच्या आज्ञावलीची ओळख करून द्यावी असे म्हटल्यावर शाळाशाळांतून हालचाल सुरू झाली, आणि तिच्या शाळेत हे काम तिच्याच गळ्यात पडले. जन्मात कधी आज्ञावली लिहिलेली नाही, साठ मुले, आणि चालू अवस्थेत दोनच संगणक! आपण जे शिकलोच नाही ते मुलांना कोणत्या तोंडाने शिकवावे, या विचाराने तिची झोप उडाली. अखेर आमच्या शेजारी राहणाऱ्या एका निवृत्त गणित-शिक्षकांकडे ती गेली. त्यांनी तिला सल्ला दिला, की पहिले काही दिवस यंत्राला हातच लावू नका. मुलांना चार अंक द्या आणि कापरेकरांची गोष्ट सांगा. ती गोष्ट मावशीबरोबर मीही ऐकली, आणि मग मिळेल तिथून वाचत गेले.

कापरेकरांचा जन्म 17 जानेवारी 1905 रोजी डहाणू येथे झाला. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. 2014 पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. आठ वर्षांचे असताना त्यांचे मातृछत्र हरपले. वडील कारकुनी करीत. त्यांना फलज्योतिषाचा नाद होता. ज्योतिषाच्या खरेखोटेपणाचा प्रश्न बाजूला ठेवला तरी त्यात आकडेमोड भरपूर असते, आणि आईविना वाढणाऱ्या या मुलाला वडिलांच्या मांडीशी बसून आकड्यांचीच गोडी लागली. माध्यमिक शिक्षणासाठी तो ठाण्याला आला. कोडी सोडविण्यात त्याचे तासन् तास जात. इतर मुलांना जे विटीदांडूत सापडे ते याला बेरीज-वजाबाकीत सापडे.

1923 साली कापरेकरांनी पुण्याच्या फर्गसन महाविद्यालयात प्रवेश घेतला. तेथे 1927 मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. हे पारितोषिक विद्यार्थ्याच्या स्वतंत्र, स्वतःच्या बुद्धीने केलेल्या गणितासाठी असे. 1929 साली ते बी. एस्‌सी. झाले. पुढे एखाद्या विद्यापीठात संशोधन, मग परदेश, मग मोठी पदवी असा मार्ग त्यांच्या वाट्याला आला नाही. त्यांनी देवळालीच्या शाळेत गणित-शिक्षकाची नोकरी धरली आणि 1962 साली निवृत्त होईपर्यंत ती सोडली नाही.

तीसहून अधिक वर्षे एका गावात, एका शाळेत! ज्याला आपण चाकोरी म्हणतो ती यापेक्षा निराळी काय असते? पण चाकोरीतून चालणाऱ्याचे डोळे उघडे असले तर त्याला काय काय दिसते, याचे कापरेकर हे उदाहरण आहे. त्यांच्याजवळ ना प्रयोगशाळा होती, ना ग्रंथालय, ना सहकारी संशोधक. कागद, पेन्सिल आणि शून्य ते नऊ हे दहा अंक एवढीच त्यांची सामग्री. तेवढ्यावर त्यांनी संख्यांची जी नवलाई शोधली ती जगाच्या गणितात त्यांच्या नावाने नोंदली गेली.

त्यांतले एक नवल आम्हा या मार्गावरच्या मंडळींच्या जिव्हाळ्याचे आहे. जी. आय. पी. रेल्वेवर मुंबईपासून तीस मैलांवर तेव्हा डेम्लो नावाने ओळखले जाणारे एक स्थानक होते. तेच आजचे डोंबिवली. तेथे असताना कापरेकरांच्या मनात संख्यांचा एक प्रकार घोळू लागला. 11 चा वर्ग 121, 111 चा वर्ग 12321, 1111 चा वर्ग 1234321. एकेक पायरी चढत जायचे आणि तशाच पायऱ्या उतरून यायचे. या घराण्यातील संख्यांना त्यांनी त्या स्थानकावरून डेम्लो संख्या असे नाव दिले. रोज ज्या फलाटावर आपण फक्त गाडी चुकेल की काय एवढीच चिंता करतो, त्या फलाटाचे नाव गणितात जाऊन बसले आहे, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक असेल?

देवळालीलाही त्यांनी असेच अमर केले. कोणतीही संख्या घ्यावी आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवावी. 15 मध्ये 1 आणि 5 मिळविले की 21 होतात. म्हणजे 15 ही 21 ची जननी. पण 20 ला अशी जननी शोधू गेल्यास ती सापडतच नाही. ज्यांना जननी नाही अशा या स्वयंभू संख्यांना देवळाली संख्या असेही म्हटले जाते. ज्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो तिला त्यांनी हर्षद, म्हणजे आनंद देणारी, असे गोड संस्कृत नाव दिले. रामानुजनांच्या नावाशी कायमची जोडली गेलेली 1729 ही संख्याही हर्षदच: तिच्या अंकांची बेरीज 19, आणि 19 गुणिले 91 म्हणजे 1729. आणखी एक प्रकार तर कापरेकर संख्या म्हणूनच ओळखला जातो. 45 चा वर्ग 2025. त्याचे दोन तुकडे 20 आणि 25. त्यांची बेरीज पुन्हा 45!

परंतु त्यांची खरी कीर्ती झाली ती 6174 या संख्येमुळे. 1946 साली त्यांना तिचे गुपित उमगले. कोणतीही चार अंकी संख्या घ्या. चारही अंक सारखे मात्र नकोत. तिचे अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडा, मग उलट मांडा, आणि मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा हेच करा. उदाहरणार्थ 3524 घेतली, तर 5432 वजा 2345 म्हणजे 3087. मग 8730 वजा 0378 म्हणजे 8352. मग 8532 वजा 2358 म्हणजे 6174. यापुढे कितीही वेळा करा, 7641 वजा 1467 म्हणजे पुन्हा 6174 च! सुरुवात कोठूनही करा, फार तर सात पावलांत तुम्ही याच मुक्कामी पोहोचता. सगळ्या दिंड्या पंढरपुरी पोहोचाव्यात, तसे हे आहे.

योगायोग असा, की त्याच 1946 च्या फेब्रुवारीत अमेरिकेत एनिॲक हा प्रचंड विद्युत संगणक जगापुढे आला. एकीकडे खोलीभर यंत्र, आणि दुसरीकडे देवळालीत पेन्सिल घेऊन बसलेला एक मास्तर. दोघेही एकच काम करीत होते: ठरलेली कृती, ठरलेल्या क्रमाने, न चुकता पुन्हा पुन्हा करणे. आज संगणकाच्या परिभाषेत जिला आज्ञावली म्हणतात तिचा गाभा हाच. कापरेकरांची कृती आज जगभर संगणक शिकणाऱ्या मुलांना सरावासाठी दिली जाते ती यामुळेच.

त्यांच्या हयातीत मात्र हे कौतुक सहजासहजी वाट्याला आले नाही. 1949 साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी आपला शोध मांडला. पण आपल्याकडील अनेक गणितज्ञांनी त्यांच्या कामाची टवाळीच केली. हे आकड्यांचे खेळ, यात गंभीर गणित ते काय, असा त्यांचा सूर असे. शाळामास्तर आणि संशोधन! प्रतिष्ठित नियतकालिकांची दारे क्वचितच उघडत. मग कापरेकर आपले लेख छोट्या पुस्तिकांच्या रूपाने देवळालीतूनच स्वतः प्रसिद्ध करीत. शिक्षकाचा पगार तो केवढा! पण ज्याला आनंदच वाटायचा आहे तो हिशेब पाहत नाही. वर्गात मुलांपुढे आणि जवळपासच्या महाविद्यालयांत बोलावणे आले की तेथे ते तोच आनंद वाटीत. लोक त्यांना गणितानंद म्हणत ते उगीच नव्हे.

निवृत्तीनंतरचे दिवस कष्टाचे गेले. 1966 साली पत्नीचे निधन झाले. राहणी अगदी साधी असूनही निवृत्तिवेतन पुरेना, म्हणून उतारवयात त्यांना गणिताच्या आणि विज्ञानाच्या शिकवण्या कराव्या लागल्या. अशातच मार्च 1975 मध्ये अमेरिकेतील मार्टिन गार्डनर या लेखकाने सायंटिफिक अमेरिकन मासिकातील आपल्या लोकप्रिय सदरात कापरेकरांविषयी लिहिले, आणि सत्तरीतल्या या मास्तरांचे नाव देशोदेशी पोहोचले. घरच्यांनी ज्याला हसावे त्याला परक्यांनी उचलून धरावे, ही आपल्याकडची जुनीच रीत. 1984 साली भारत सरकारने शाळांतून संगणक-साक्षरतेचा कार्यक्रम सुरू केला आणि निवडक शाळांत बीबीसी मायक्रो नावाची यंत्रे आली. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1986 मध्ये, कापरेकर हे जग सोडून गेले.

आता पुन्हा मावशीच्या वर्गाकडे वळू. तिने महिनाभर संगणक बंदच ठेवला. प्रत्येक मुलाने आपल्या आवडीची संख्या घेऊन वहीत वजाबाक्या केल्या. सगळ्यांच्या वहीत 6174 उगवलेले पाहून मुले टाळ्या पिटू लागली. मग तीच कृती पायरीपायरीने यंत्राला सांगायची, असे ठरले. मावशी आदल्या रात्री शिके आणि दुसऱ्या दिवशी शिकवी. पण एके दिवशी घोटाळा झाला. एका मुलीने 2111 ही संख्या दिली आणि यंत्राने उत्तर दाखविले शून्य! वहीत मात्र त्याच संख्येचे 6174 आले होते. यंत्र खरे की वही खरी? साठ जोडी डोळे मावशीकडे लागले. तिला उत्तर येत नव्हते. तिने ते भर वर्गात कबूल केले, आणि आपण सगळे मिळून शोधू, असे सांगितले. एवढ्या वर्षांच्या नोकरीत वर्गासमोर असे सांगण्याची तिच्यावर ही पहिलीच वेळ.

तीन दिवसांनी कोडे सुटले, तेही त्या मुलीकडूनच. 2111 वजा 1112 म्हणजे 999. वहीत तिने चार घरे आखली होती म्हणून 0999 लिहिले. मग 9990 वजा 0999 म्हणजे 8991, आणि पुढे 8082, 8532, 6174. यंत्राला मात्र पुढच्या शून्याची किंमत नव्हती. त्याने 999 एवढेच धरले, ते उलटे मांडले तरी 999 च, आणि वजाबाकी शून्य. चार घरे मोजायची हे यंत्राला कोणी सांगितलेच नव्हते! सांगेल तेवढेच ते करते, न सांगितलेले जाणत नाही, हा संगणकशास्त्राचा पहिला धडा त्या दिवशी मुलांना मिळाला. आणि शिक्षकाला सगळे यावेच लागते असे नाही, हा धडा मावशीला.

मला वाटते, कापरेकरांच्या चरित्राचे मर्मही येथेच आहे. ते शाळामास्तर असूनही संशोधक होते असे लोक म्हणतात. मला त्यातला ‘असूनही’ हा शब्द खटकतो. मुलांसमोर रोज उभे राहून त्यांनी आपल्यातला विद्यार्थी जिवंत ठेवला, म्हणूनच ते संशोधक झाले. आज खेड्यापाड्यांतून कितीतरी शिक्षक असाच एखादा नवा विषय हातात घेऊन धास्तावलेल्या मनाने वर्गात शिरत असतील. पुरेशी यंत्रे आणि नीट प्रशिक्षण मिळणे हा त्यांचा हक्कच आहे, आणि कापरेकरांचे उदाहरण दाखवून कोणी तो नाकारू नये. पण यंत्रे येईपर्यंत कागद आहे, पेन्सिल आहे, आणि दहा अंक आहेत.

परवा डोंबिवलीच्या फलाटावर कसारा गाडीची वाट पाहत उभी होते. गाडी नेहमीप्रमाणे उशिरा येणार होती. मी तिकिटाच्या पाठीवर चार अंक लिहिले आणि वजाबाकी सुरू केली. गाडी आली तेव्हा 6174 आले होते.